परवानगीसाठी थांबलेली नसरीन

नसरीन गेल्याचं कळलं तेव्हा तिचा एक प्रश्न माझ्या मोबाईलवर सात आठवडे उत्तराविना पडून होता. "तुझा भाग या परवान्याखाली देतेस का? हो किंवा नाही, एवढंच लिही." बोलायला ती पक्की वऱ्हाडी, पण परवानगी मागायची असली की तिची भाषा बदलायची, जणू तहसीलदाराला अर्ज करते आहे. त्या दिवशी जानेफळच्या वाचनालयात मी बाबांच्या व्याख्यानासाठी सतरंज्या घालत होते. चिखलीच्या स्टेशनरीवाल्याचा फोन आला. "ताई, भांडे गल्लीतली ती डीटीपीवाली... नसरीन... सकाळी गेली. डेंग्यू झालता म्हनते." मी हातातली सतरंजी पूर्ण उलगडली, तिचे कोपरे सरळ केले आणि मगच खाली बसले. पहिला विचार काय आला ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. आता कायमची तीच बरोबर ठरणार आणि मी चूक, हा तो विचार.

जीपनं चिखलीला पोचले तोवर जनाजा निघून गेला होता. मी घरातल्या बायकांमध्ये जाऊन बसले. तिच्या मावशीनं विचारलं, "तू कोन वं बाई?" मी म्हटलं, "मैत्रीण." तिनं माझा हात हातात घेतला आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटला. सात आठवडे मी नसरीनचा एकही फोन उचलला नव्हता. ती आजारी आहे हे मला माहीत नव्हतं, कारण मी ते माहीत करून घेतलं नव्हतं. आता दीड महिना होऊन गेला आहे. तिच्याविषयी लिही, असं बरेच जण सांगतात. मनमिळाऊ होती, कष्टाळू होती, गिऱ्हाइकाला परत पाठवत नसे, हे सगळं लिहिता येईल आणि ते खरंही आहे. पण माझं आणि तिचं खरं नातं हेव्याचं होतं. दोन वर्षं मी तिच्यावर जळत होते. ते वगळून लिहिलं तर हा लेख दुसऱ्याच कुणावर होईल.

माझं नाव क्रांती. त्यावरूनच घराची कल्पना यावी. बाबा शाळेत शिक्षक होते आणि शाळा सुटली की पत्रकं काढायचे. हुंड्याविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, यात्रेतल्या बोकडबळीविरुद्ध, सरपंचाविरुद्ध, एकदा तर स्वतःच्या मेहुण्याविरुद्ध. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर, आणि दिवाळीच्या सुटीत इतर मुली आकाशकंदील करायच्या तेव्हा मी पत्रकांना घड्या घालायचे. त्यातल्या एकाही पत्रकावर बाबांचं नाव नसे. तळाला एकच ओळ असे : 'या पत्रकाचे हक्क कोणाकडेही नाहीत. छापा, बदला, वाटा.' नाव लावणारा माणूस विचारापेक्षा स्वतःला मोठा समजतो, असं बाबांचं म्हणणं. लोकांच्या दारांवरच्या पितळी पाट्यांनासुद्धा आम्ही घरात हसायचो. मला ती ओळ श्लोकासारखी पाठ होती, आणि श्लोकाचं जे होतं तेच तिचं झालं... अर्थ विचारायचा राहून गेला.

बाबांची बरीच पत्रकं चिखलीत कॉम्प्युटरवर टाईप झालेली होती आणि सीड्यांवर घरात पडली होती. त्या उघडल्या तर आत मराठीचा एक शब्द नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं यांची नुसती खिचडी. जुन्या काळी प्रत्येक दुकानाचा फॉन्ट वेगळा. तो फॉन्ट गेला की मजकूर वाचता येत नाही. सीड्या पिशवीत घालून मी भांडे गल्लीत नसरीनच्या दुकानात गेले, ती आमची पहिली भेट. दुकान म्हणजे दीड माणूस मावेल एवढी जागा. बाहेर ओट्यावर तिचे अब्बा बसत, भांड्यांवर नावं टाकण्याचं छोटं मशीन घेऊन. आत ती लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका करी.

"हे उघडून दे," मी म्हटलं.

"उघडलं ना. वाच आता."

"हे काय वाचू?"

"तेच तं." तिनं खुर्ची माझ्याकडे फिरवली. "फॉन्ट मेला वं. मजकूर जित्ता आहे आत. काढता आला पायजे."

तो काढण्याचं साधन शोधलं मी. हे आधीच नोंदवून ठेवते, कारण पुढच्या गोष्टीत माझ्या वाट्याला फारसं श्रेय येणार नाही. फुकट मिळणाऱ्या एका ऑफिस-प्रोग्रामला वरून जोडायचा छोटा तुकडा, ज्याला ॲड-ऑन म्हणतात, तसला एक मला नेटवर सापडला. नेमक्या आमच्या फॉन्टमधला मजकूर तो आजच्या युनिकोड मराठीत आणायचा. पण आठ वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता आणि प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत तो कोलमडत होता. फाईलच्या डोक्यावर दोन ओळी होत्या : 'लेखन : अरविंद डहाळे. अक्षरांचे तक्ते : शेख गनी.' शेजारी स्वामित्वहक्काचं ते गोलातलं 'सी'. कुणी काय करावं, काय करू नये, याविषयी एक अक्षर नव्हतं.

तक्ते अजून शाबूत होते. मोडत होत्या दोन गोष्टी, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाईप करत आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. म्हणजे प्रत्येक वेलांटी उचलून पुढं न्यायची आणि प्रत्येक रफार मागं. आम्ही काम वाटून घेतलं. मी कॉम्प्युटरची पदवीधर, तरी सोपी वेलांटी मी घेतली. अवघड रफार तिच्याकडे गेला, कारण "बघू, जमते का" असं ती म्हणाली. तिचं शिक्षण बारावी, पुढचं सगळं त्या खुर्चीत बसून. माझ्या वेलांटीला नऊ दिवस लागले. तिचा रफार चार दिवसांत झाला, आणि त्यातले दोन दिवस लग्नसराईचे होते. मी तिच्या ओळी वाचल्या. माझ्या चाळीस ओळींच्या जागी तिच्या अकरा होत्या, आणि त्या अकरा कळायला मला संध्याकाळ लागली. "छान आहे," एवढंच मी म्हटलं.

बाबांना दुकानात आणलं. पडद्यावर त्यांचं हुंड्याविरुद्धचं पहिलं पत्रक अक्षर न् अक्षर जागेवर उभं राहिलं. बाबांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग त्यांनी विचारलं, "ही पोरगी कुणाची?" माझ्याविषयी बाबांनी असं कधी विचारलं नव्हतं. विचारायचं कारणही नव्हतं म्हणा, मी त्यांचीच होते... तरी ते मला लागलं.

त्याच दुपारी आमचं पहिलं भांडण झालं. मी म्हटलं, आजच नेटवर टाकू, सगळ्यांना मिळू दे. ती म्हणाली, "कोनाले विचारलं?"

"विचारायचं कुणाला? आठ वर्षं माणसाचा पत्ता नाही."

"पत्ता नसला म्हून वस्तू बेवारस होते का वं?"

मी भाषण केलं. ज्ञान ही कुणाच्या बापाची जहागीर नाही. ज्या भाषेत आपण बोलतो तिच्या अक्षरांवर कुणी कुलूप घालू शकत नाही. किती शाळांचे, किती संस्थांचे कागद असे मुके होऊन पडले आहेत, आणि आपण एका बेपत्ता माणसाच्या शिष्टाचारासाठी थांबायचं? नसरीननं प्रिंटरमध्ये कागद भरला, ठोकून सारखा केला आणि म्हणाली, "झालं भाषण? आता आईक. त्यानं परवाना लिहेल नाही. लिहेल नाही याचा अर्थ साऱ्यायचं आहे असा नसते. सारं त्याचंच आहे असा असते. आपल्या दुकानात, आपल्यापुरतं दुरुस्त करून चालवलं तं कोनी फाशी देत नाही. पन गावाले वाटाचं तं ज्याचं आहे त्याले विचाराच लागते. आन त्यानं हो म्हनलं तरी त्याचं नाव वर, आपलं खाली." मग तिनं दाराबाहेर बोट केलं. "अब्बाकडे आजीचा पान्याचा गुंड येते, नातीचं नाव टाकाले. अब्बा आजीचं नाव घासते का? खाली टाकते."

अब्बांनी मान वर न करता सांगितलं, "घासलं तं भांडं पातळ होते."

त्या बाप-लेकीच्या सहजपणाचा मला संताप आला. आमच्या घरी एक तत्त्व मांडायला चार पानं लागत, आणि यांचं एका पितळी गुंडावर मावत होतं.

ती डहाळ्यांना शोधायला लागली. ईमेल परत आला. एका जुन्या पानावर मलकापूरचा पत्ता मिळाला, त्यावर तिनं हातानं पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. तिनं आमच्या फाईलमध्ये डहाळे आणि गनी यांच्या ओळींखाली आणखी एक ओळ घालून ठेवली होती : 'रफार : नसरीन. वेलांटी : क्रांती.' पण फाईल आम्हा दोघींच्या बाहेर जाऊ दिली नाही. दोन महिने मी थांबले. मग एका दुपारी माझ्याकडच्या प्रतीतून मी चारही नावं खोडली, त्यांच्या जागी बाबांची ओळ लिहिली, 'याचे हक्क कोणाकडेही नाहीत. वापरा, बदला, वाटा', आणि ती नेटवर टाकून दिली.

त्या दिवशी मला फार स्वच्छ वाटलं होतं. चार नावांत माझंही होतं, तेव्हा तो त्यागच होता, असं मी स्वतःला सांगितलं. आज तेवढं खोटं बोलवत नाही. आम्हा दोघींना ओळखणारा जो तो आधी रफाराविषयी विचारायचा. नावं राहिली असती तर रफारापुढं तिचं नाव दिसलं असतं आणि वेलांटीपुढं माझं, आणि जाणकाराला एका नजरेत कळलं असतं कोण किती पाण्यात आहे. कुणाचंच नाव नाही म्हणजे तिचंही नाही. मी मत्सराला तत्त्वाचा सदरा घातला होता, आणि तो त्याला इतका बेतशीर बसला की मलाच ओळखू आलं नाही. दुसऱ्याच्या मालावरचा हक्क मी सोडून मोकळी झाले होते. ही चूक एखाद्या चोराला जमली नसती. ती पत्रकवाल्याच्या लेकीलाच जमावी. ती बिननावाची आवृत्ती मी आता काढून टाकली आहे, आणि चूक माझ्या एकटीची होती हे इथं जाहीर लिहून ठेवते.

आवृत्ती पसरली. शिक्षकांचे, डीटीपीवाल्यांचे आभार यायला लागले, ते मला, कारण पान माझ्या खात्यावर होतं. नावाचा तिटकारा असणाऱ्या मुलीनं ते आभार एकेक करून वाचले. मग कळलं, की दूरच्या शहरातल्या कुणीतरी तेच ॲड-ऑन स्वतःचं नाव लावून आपल्या पानावर ठेवलं आहे. मला त्याला काही म्हणता येईना. हक्क कोणाकडेही नाहीत, हे मीच लिहून दिलं होतं.

नसरीन एसटीनं जानेफळला आली. ओसरीवर बाबाही होते. ती आधी पाणी प्यायली, मग तिनं तांब्या खाली ठेवला. "माह्यं नाव काढलं, जाऊ दे. तुह्यं काढलं, तुही मर्जी. त्या शेख गनीचं काऊन काढलं? त्यानं सांगतलं होतं तुले?" बाबांनी काय झालं ते विचारलं, तिनं थोडक्यात सांगितलं. मला वाटलं, आता बाबा तिला नावाच्या मोहाबद्दल ऐकवतील. बाबांनी चष्मा काढला. "क्रांती, पत्रक आपलं होतं म्हणून त्याचा हक्क आपण सोडला. शेजाऱ्याच्या घराचं दार उघडून गावाला 'या, बसा' म्हणणं, याला काय म्हणायचं?" नसरीननं खाली पाहिलं, माझी फजिती तिला पाहायची नव्हती. मला तेही सहन झालं नाही. मी उठून आत गेले.

आठवड्यानं तिच्या चौथ्या पत्राला उत्तर आलं, एका ओळीचं : 'पत्रे आजच मिळाली. या.' डहाळे घर बदलून गेले होते, पोस्टमननं इतक्या दिवसांनी शोधून काढलं. मी येणार नाही म्हटलं. "येशीन," ती म्हणाली. "तुही वेलांटी आहे त्याच्यात." बुलढाणा, मोताळा करत आम्ही मलकापूरला उतरलो. स्टेशनच्या मागं छोटं घर. मालगाडी गेली की बोलणं थांबवावं लागे. डहाळे काका शाळेतल्या प्रयोगशाळेचे निवृत्त सहायक, अंगात बंडी, कानावर पेन्सिल.

नसरीननं परवान्याचा विषय काढला तेव्हा ते हसले. "मले वाटलं, ठेवलं म्हंजे देलंच की लोकायले. कागद लिहा लागते हे कोनाले माहीत?"

मी नसरीनकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत काय असेल ते तिला नक्की कळलं. बघ, मी म्हणत नव्हते? पण काकांनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली आणि आमच्या दोघींच्या मधोमध पाहत विचारलं, "नेटवर पाह्यलं मी. लोकायले वाटलं ते चांगलं केलं. गनीचं नाव कोनी काढलं?"

मालगाडी जात होती. ती संपायला फार वेळ लागला.

गनी हे मलकापुरातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे. छापखाना बंद पडला तेव्हा काकांनी त्यांना शेजारी बसवून तक्ते करून घेतले, कारण कुठलं अर्धं अक्षर कुठल्या खणात, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. "जनमभर दुसऱ्यायचे नावं जुळवले त्यानं," काका म्हणाले. "आमदाराचं, नवरदेवाचं, मेल्या मानसाचं. त्याचं सवताचं नाव कुठंच नाही छापलं. मी म्हनलं, याच्यात टाकू, तं असा लाजला... नवरीवानी. तीन वर्सं झाले त्याले जाऊन."

"आमच्याकून चुकलं, काका," नसरीन म्हणाली.

आमच्याकून! त्या घरात जे जे बोललं गेलं त्यात मला सगळ्यात टोचला तो हा शब्द. तिनं मला एकटीला चुकूसुद्धा दिलं नाही.

मग काकांनी विचारलं, "रफार कोनी फिरवला?" आणि तासभर मी त्या खोलीत नव्हतेच म्हणा. ती कागदावर अक्षरं काढून दाखवत होती, काका मांडीवर थाप मारून हसत होते, "असं केलं का! मी दोन वर्सं डोकं फोडलं होतं." वेलांटीविषयी त्यांनी विचारलं नाही. शेवटी तिनं सांगितलं तसा त्यांनी साध्या कागदावर परवाना लिहून दिला : कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं, आधीची नावं ठेवावीत, बदल करणाऱ्यानं आपलं नाव खाली घालावं आणि पुढच्यालाही हीच मुभा द्यावी. सही झाल्यावर तिनं विचारलं, "गनीचाचाच्या घरी कोन आहे?" काका म्हणाले, मुलगा भुसावळला असतो, पण त्याला यातलं काय कळतं? "कळो न कळो," ती म्हणाली, "मेल्यावर मानसाचा हक्क त्याच्या घरच्यायकडे जाते. विचारा लागन." आणि तिनं पत्ता लिहून घेतला.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. "आता राह्यलो आपुन दोघी," ती म्हणाली. "मी माह्या रफाराचं लिहून देते. तूही वेलांटीचं लिहून दे."

"मी तर सगळे हक्क कधीच सोडलेत," मी टोमणा मारला.

"तवा तू साऱ्यायचे सोडले होते. आता फकस्त तुहे दे."

"बघू," मी म्हटलं. बघू हा आमच्याकडे नकाराचा सभ्य शब्द आहे, हे तिलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तो संदेश आला. हो किंवा नाही. मी उत्तर दिलं नाही. नवी आवृत्ती तिच्या खात्यावरून निघणार, त्यात माझं नाव चौथं, सगळ्यात छोट्या कामापुढं. आणि माझं 'हो' म्हणजे तिच्या मोठ्या कामातली शेवटची बारीकशी विनंती. पण त्याहून मोठं कारण वेगळं होतं. तिला हवी असलेली आणि तिच्याकडे नसलेली जगात एकच गोष्ट होती, आणि ती माझ्याकडे होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच असं झालं होतं, आणि मला ते संपवायचं नव्हतं. तीन आठवड्यांनी तिनं पुन्हा एकदा लिहिलं, "घाई नाही." त्यानंतर विचारलं नाही. दोनदा फोन आला, मी वाजू दिला. त्याच दिवसांत मी ज्ञानाच्या स्वातंत्र्यावर दोन जळजळीत लेख लिहिले. छापूनही आले, माझ्या नावासकट.

नसरीनचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी भांडे गल्लीत गेले. सोबत अर्ज नेला होता, हातानं लिहिलेला, प्रमाण मराठीत. अब्बा ओट्यावर होते, पुढ्यात परातींची चळत. मी म्हटलं, "चाचा, नसरीनच्या रफाराची परवानगी पाहिजे. आता ती तुमच्याकडे आहे." त्यांनी अर्ज उलटासुलटा पाहिला. "मले काय समजते याच्यातलं, बेटा? तिनं काय लिहून ठेवलं ते पाह्य आंधी," म्हणाले, आणि आत येऊन त्यांनीच कॉम्प्युटर चालू केला. बटण कुठलं ते त्यांना बरोबर माहीत होतं. ती आजारी असताना तेच चालू करून देत.

फाईल तयार होती. डोक्यावर डहाळे. त्यांच्या खाली शेख गनी, आणि पुढं, 'मुलाची लेखी संमती मिळाली.' त्याखाली ती स्वतः, रफारापुढं, परवान्यासकट. चौथ्या ओळीत माझं नाव होतं आणि पुढं लिहिलं होतं, 'संमती यायची आहे.' मी खाली सरकत गेले. जिथं माझ्या चाळीस ओळी असायच्या तिथं काहीच नव्हतं. तिनं त्या काढल्या होत्या. त्या जागी एकच वाक्य होतं : 'ही जागा क्रांतीची. तिचं उत्तर आल्यावर भरायची.'

पडद्यावर शेजारच्या खिडकीत एका शाळेची सातवीची प्रश्नपत्रिका अर्धवट उघडी होती. चौथ्या प्रश्नापर्यंत सगळं ठीक. पाचव्यापासून पुढं प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला, ठिपक्यांच्या रिकाम्या गोलावर लटकलेली.

"अखरीपर्यंत तसंच चालवलं तिनं," अब्बा मागून म्हणाले. "जुन्या फॉन्टातले पेपर आले का एकेक येलांटी हातानं सरकवत बसे. मी म्हनलं, काऊन वं, आंधी तं मशीन करे ना हे? म्हने, अब्बा, ते क्रांतीचं आहे, तिले विचारलं आहे, उत्तर येऊ दे. मी म्हनलं, मंग तू तुह्यं लिही ना, तुले येत नाही का? तं हासली. म्हने, येते ना, अर्ध्या घंट्यात येते. तिनं नाही म्हनलं का लिहून टाकते. पन अजून तिनं नाही म्हनलं नाही."

मी मोबाईल काढला आणि त्या प्रश्नाखाली 'हो' लिहिलं. काउंटरच्या काचेखाली ठेवलेला तिचा फोन बंद होता. संमतीची ओळ मी माझ्या हातानं पुरी केली, तारीख घातली. माझ्या चाळीस ओळी पेन ड्राईव्हवर होत्या, आणलेल्याच होत्या. त्या जागेवर टाकल्या असत्या तर राहिलेली प्रश्नपत्रिका एका क्षणात सरळ झाली असती. मी पेन ड्राईव्ह बाजूला ठेवला. तिची खुर्ची ओढली, आणि पाचव्या प्रश्नाच्या पहिल्या वेलांटीपासून सुरुवात केली. खोडायची, अक्षरापुढं जायचं, पुन्हा टाकायची. पुढची. दुसरी ओळ संपेपर्यंत माझी तीनदा चूक झाली.

अब्बा दारात उभे राहून पाहत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ती लय झपाट्यानं करे."